टर्बोच्या नळीत तेल कां येते?

बैहरहून रुग्णास बालाघाट, गोंदिया अथवा नागपूर येथे न्यावयाचे तर सारी भिस्त वाहनावर असते. हल्लीच्या रुग्णवाहिका व जीपगाड्या बहुधा टर्बो बसविलेल्या डिझेल इंजिनाच्या असतात. अशा गाडीची हवेची नळी सोडविली आणि आंत तेल दिसले, की 'टर्बो गेला' असा निवाडा तत्काळ दिला जातो. नवा टर्बो महाग. आणि सार्वजनिक संस्थेच्या गाडीवरील खर्च म्हणजे देणगीदारांचा पैसा. म्हणून हा निवाडा कसा पारखून घ्यावा, हे येथे थोडक्यांत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

टर्बोच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली घेतले. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते व त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरते. मोटारींतील हा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. त्याच्या बेअरिंगला इंजिनाचेच तेल मिळते आणि ते आपल्या वजनाने नळीवाटे खाली चेंबरमध्ये परत उतरते. दांड्यावरील सीलचे काम बऱ्याच अंशी हवेच्या दाबावर अवलंबून असते. हा दाब बिघडला, किंवा तेलाची परतीची वाट तुंबली, की निर्दोष टर्बोही तेल सोडू लागतो.

तेलाची दुसरी वाट ब्रीदरची होय. पिस्टनच्या रिंगांतून थोडा वायु खाली निसटतोच. तो तेलाच्या सूक्ष्म कणांसह ब्रीदरवाटे टर्बोच्या अलीकडील हवेच्या नळींत सोडलेला असतो. म्हणून नळी आंतून किंचित ओशट असणे हा दोष नव्हे. तेल साचले किंवा ओघळू लागले, तर मात्र तपास केलाच पाहिजे.

प्रथम तेल कोठे आहे ते पाहावे. टर्बोच्या अलीकडची नळी ओली असेल तर संशय ब्रीदरवर घ्यावा. अलीकडे कोरडी व पलीकडे ओली असेल तर टर्बोवर किंवा त्याच्या परतीच्या नळीवर. मग सपाट जागी डिपस्टिक पाहावी. तेल खुणेच्या वर असणे हेच कारण असू शकते. न ओतता पातळी वाढत असेल तर तेलांत डिझेल मिसळत आहे काय, हे पाहावे. त्यानंतर एअर फिल्टर. कच्च्या रस्त्यांच्या धुळीने तो तुंबला की ओढ वाढून तेल खेचले जाते. पुढे ब्रीदर व परतीची नळी साफ आहेत ना, ते पाहावे. इंजिन मंद चालू ठेवून तेलाचे झाकण सांभाळून सैल करावे. धूर जोराने भपकत असेल, आणि ब्रीदर साफ असेल, तर बहुधा रिंगा झिजल्या आहेत. तेथे नवा टर्बो बसवूनही उपयोग नाही.

टर्बोचा दांडा सर्वांत शेवटी, इंजिन बंद व थंड असतांना हलवून पाहावा. आडवा किंचित हालणे बहुधा स्वाभाविक असते. पण मागे-पुढे हालत असेल किंवा पाती घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बो खरोखरच खराब झाला असे समजावे.

दुर्लक्षही परवडणारे नाही. इंटरकूलरमध्ये साचलेले तेल एकदम ओढले गेले तर डिझेल इंजिन त्यावरच बेफाम धावू लागते व किल्ली बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी गियरची गाडी उभी करून, ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गियरमध्ये क्लच सोडावा म्हणजे इंजिन अडून बंद पडते. हवेच्या तोंडाशी हात नेऊं नये. दुरुस्तीच्या वेळी इंटरकूलर धुऊन घ्यावा.

घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करितां एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवावे. बेअरिंगजवळचे तेल त्यामुळे करपत नाही. किती किलोमीटरला किती तेल घालावे लागले, याची नोंद प्रत्येक चालकाने गाडीतील वहींत ठेवावी. दोष किती व कधीपासून वाढला, हे त्या वहीवरूनच मिस्त्रीला कळते.