मामांची वही आणि आमचा काउंटर

"कॉम्प्युटर कधी चुकत नाही" असं आपण सगळेच छातीठोकपणे सांगतो. आमच्या ग्रुपनेही सांगितलं, आणि त्यापायी मेसच्या मामांवर खोटेपणाचा आळ आला. नेमकं काय बिघडलं होतं आणि आम्ही ते कसं शोधलं, तेच या लेखात सांगतो.

झालं असं, की प्रोजेक्ट म्हणून आम्ही मेससाठी हजेरीची सिस्टीम केली. दारात मामांनी कार्ड मशीनवर टेकवलं की त्या जेवणाचा काउंटर एकने वाढणार आणि कंत्राटदाराचं बिल त्याच आकड्यावर निघणार. डेटाबेस निवडला कॅसँड्रा. हा फेसबुकमध्ये तयार झाला, २००८ साली ओपन सोर्स झाला आणि २०११ मध्ये ०.८ या आवृत्तीपासून त्यात काउंटरची सोय आली. लॅबमधली तीन जुनी मशीन्स जोडली आणि प्रत्येक नोंदीची एकेक प्रत तिन्हींवर ठेवली. एखादं मशीन बंद पडलं तरी कोणाचं जेवण अडू नये, एवढाच हेतू.

पहिल्याच आठवड्यात एका रात्रीचा आकडा पाहिला, ४१२. लगेच पुन्हा पाहिला, ४०६. तिसऱ्यांदा परत ४१२! आणि मामांच्या वहीत, चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरकी अशा हिशेबाने, भरले ४०५. मेस कमिटीत कुजबुज सुरू झाली, "मामा कंत्राटदारासाठी काही कार्डं दोनदा टेकवतात." खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटलं. मामा एवढंच म्हणाले, "पोरांनो, तुमचं मशीन तपासा."

तपासल्यावर कळलं, की आजार एक नसून दोन आहेत.

पहिला आजार : मागे पडलेली प्रत

एका मशीनची नेटवर्क केबल सैल होती, त्यामुळे काही नोंदी त्याच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. आम्ही लिहिताना आणि वाचताना 'वन' हा स्तर ठेवला होता, म्हणजे तिघांपैकी एकाने उत्तर दिलं तरी चालेल. वाचन ज्या प्रतीतून होईल तो आकडा, म्हणून कधी ४१२, कधी ४०६.

उपाय सोपा. लिहिताना दोघांचा होकार आणि वाचताना दोघांचं उत्तर घ्यायचं. यालाच 'कोरम' म्हणतात. २ + २ हे ३ पेक्षा जास्त, म्हणून वाचणाऱ्या दोघांपैकी किमान एकाकडे ताजी नोंद असतेच. जुन्या नोंदी जुळवायला 'नोडटूल रिपेअर' चालवलं. आता तिन्ही मशीन्स एकमुखाने सांगू लागली, ४१२. आम्ही खूश! पण वही अजून ४०५ वरच. तिघं एकच सांगतात म्हणजे ते खरंच असतं, असं नाही.

दुसरा आजार : "पोचलं का?"

आधी काउंटर कसा चालतो ते बघू. दोन मशीन्सनी एकाच वेळी १०० वाचून १०१ लिहिलं तर एक ताट हरवेल. म्हणून प्रत्येक मशीन काउंटरमधला फक्त स्वतःचा हिस्सा वाढवतं. एकूण आकडा म्हणजे सगळ्या हिश्शांची बेरीज. तीन दारांवर तीन वह्या, दुसऱ्याच्या वहीत कोणी लिहायचं नाही, तसंच हे.

हे ठीक. पण आमच्या प्रोग्राममध्ये आम्हीच एक ओळ घातली होती : दोन सेकंदांत उत्तर आलं नाही तर 'एकने वाढव' पुन्हा पाठव. आता उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं थोडंच आहे? संदेश पोचला, आकडा वाढला आणि पोचपावती तेवढी उशिरा आली, असंही होतं. तिथे दुसऱ्यांदा पाठवलं की एका ताटाची दोन ताटं!

कार्ड मशीनचा लॉग काढला. त्या रात्री वेगवेगळी कार्डं ४०५. पुन्हा पाठवलेले संदेश ९. त्यातल्या ७ वेळा पहिला संदेशही पोचला होता. ४०५ + ७ = ४१२. हिशेब लागला!

मग पुन्हा पाठवणंच बंद करायचं का? नाही. उरलेल्या २ वेळा पहिला संदेश खरोखरच हरवला होता, म्हणजे आकडा ४०३ झाला असता. २०१४ मध्ये २.१ या आवृत्तीत कॅसँड्राचे काउंटर नव्याने लिहिले गेले, पण ही अडचण तिथेही आहेच. कारण 'एकने वाढव' हे कामच असं आहे, की दोनदा केलं तर परिणामही दोनदा होतो.

म्हणून आम्ही काउंटर काढून टाकला. आता तारीख, जेवण आणि कार्ड नंबर मिळून एक किल्ली आणि त्या किल्लीची एक ओळ. तीच ओळ दहादा लिहिली तरी ती एकच राहते. शेवटी ओळी मोजायच्या. चारशे ओळी मोजायला कितीसा वेळ लागतो? फोटोला किती लाइक आले हे दाखवायला काउंटर उत्तम, तिथे पाच-सात इकडेतिकडे झाले तर कोणाचं बिघडत नाही. पण जिथे पैसा किंवा माणसाचा प्रामाणिकपणा आकड्यावर ठरतो, तिथे प्रत्येक नोंद वेगळी ठेवा.

ग्रीक पुराणातली कॅसँड्रा खरं भविष्य सांगायची, पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नसे. आमच्याकडे उलटंच झालं. आकडा चुकीचा होता आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्यावरच विश्वास ठेवला.

लॉग घेऊन आम्ही कमिटीपुढे गेलो आणि मग मामांची माफी मागितली. मामा हसले, म्हणाले, "जेवलात का?" आणि वहीत एक रेघ ओढली.