पहिल्या छेदाआधीची बैठक

स्तनाच्या कर्करोगावरची केमोची औषधं मोठ्या इस्पितळात आणि छोट्या इस्पितळात बहुतेक तीच असतात. तरीही सारख्याच टप्प्यावरचा आजार असलेल्या दोन बायकांपैकी कोण किती जगेल, हे काही अंशी त्या कोणत्या दारात उपचाराला गेल्या यावर ठरतं. स्कॉटलंडमध्ये हे मोजून पाहिलेलं आहे.

ग्लासगो आणि आसपासच्या पश्चिम स्कॉटलंडमध्ये १९८०च्या दशकात उपचार झालेल्या ३,७८६ रुग्णांच्या नोंदी गिलिस आणि होल या संशोधकांनी तपासल्या आणि १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्तनाच्या आजारांत विशेष काम करणाऱ्या सर्जनकडे गेलेल्या बायकांमध्ये पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण ९ टक्क्यांनी जास्त होतं. वय, गाठीचा आकार, काखेत पसरलेला आजार, घरची सांपत्तिक स्थिती हे सगळं हिशेबात धरल्यावरही मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी कमी निघाला. श्रीमंत वस्ती असो वा गरीब, फायदा सगळीकडे दिसला.

पुढची गोष्ट मला याहून मोलाची वाटते. १९९५ साली ग्रेटर ग्लासगोमधल्या इस्पितळांनी कामाची पद्धत बदलली. सर्जन, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट, केमो आणि शेक देणारे डॉक्टर, परिचारिका असे सगळे नियमित एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचा विचार करू लागले. पश्चिम स्कॉटलंडच्या बाकी भागांत जुनीच रीत चालू राहिली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४ हजारांवर रुग्णांची तुलना झाली. बदलाआधी ग्लासगोत या आजाराने होणारे मृत्यू बाकी भागांपेक्षा ११ टक्क्यांनी जास्त होते. बदलानंतर ते बाकी भागांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी झाले. एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात गेल्यावर पडणारा फरकही कमी झाला. हा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय बैठकीला देता येणार नाही. पण पारडं फिरलं, हे खरं.

अशा बैठकीत ठरतं काय? मुख्यतः क्रम. गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करता येते, आणि मग पूर्ण स्तन काढण्याऐवजी तेवढी गाठच काढून भागतं. काही प्रकारच्या कर्करोगांत केमो आधी दिली की औषधाला आजार कसा प्रतिसाद देतो ते डोळ्यांसमोर दिसतं आणि पुढचं औषध त्यावरून निवडता येतं. ‘छोटीशी गाठ आहे, काढून टाकू’ म्हणत सुईची बायोप्सी न करताच कुणी ती काढली, तर ही संधी गेली. कडेला आजार उरला तर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते, ती वेगळीच.

काढलेल्या गाठीचं पुढे काय होतं, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ती लवकरात लवकर, तासाभराच्या आत, भरपूर फॉर्मेलिनमध्ये जायला हवी. मोठी असेल तर कापून, कारण फॉर्मेलिन आत फार हळू मुरतं. अख्खी गाठ लहानशा बाटलीत कोंबून रात्रभर तशीच ठेवली, तर आतला भाग खराब होतो. मग ईआर तपासणीचा, म्हणजे गाठ इस्ट्रोजेन या संप्रेरकावर वाढते का ते पाहणारा, अहवाल चुकून ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. त्याचा परिणाम असा, की पाच-दहा वर्षं घ्यायची टॅमॉक्सिफेनची स्वस्त गोळी, जी तिचा जीव वाचवू शकली असती, तिला कुणी देतच नाही. महागड्या यंत्राचा इथे काही संबंध नाही. एक मोठी बाटली, घड्याळ आणि ते काम नेमून दिलेला माणूस एवढंच लागतं.

सराव तर लागतोच. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने विशेष स्तन केंद्राला वर्षाला किमान १५० नवे रुग्ण आणि सर्जनला किमान ५० शस्त्रक्रिया, अशी अट घातली आहे.

आपल्याकडे २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्यांपैकी पाच वर्षं जगलेल्यांचं प्रमाण सुमारे ६६ टक्के होतं, अमेरिकेत ९० टक्के. या दरीचं मोठं कारण उशिरा होणारं निदान आहे, आणि ते कोणतंही केंद्र पूर्णपणे भरून काढू शकत नाही. पण उरलेला भाग आपल्या हातातला आहे. उदाहरणार्थ, मुंबईत परळला असलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत १,६०० बायकांवर एक चाचणी झाली. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन या बधिर करण्याच्या साध्या औषधाचं इंजेक्शन दिलं. त्यांच्यात पाच वर्षांनंतर ९०.१ टक्के हयात होत्या, इतरांमध्ये ८६.४ टक्के. हे औषध कुठल्याही शस्त्रक्रियागृहात मिळतं. वापर मात्र शिस्तीत व्हायला हवा.

पण चांगल्या उपचारासाठी प्रत्येकीने टाटासमोर परळच्या फुटपाथवर पथारी टाकावी, हे मला मान्य नाही. २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली तीनशेहून अधिक केंद्रं आणि संस्था आहेत. उपचारांची सामायिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि अवघड केसवर दूरस्थ बैठकीत चर्चाही होते. जिल्ह्याच्या डॉक्टरला विचारायची सोय आहे, तर रुग्णाच्या घरच्यांनी ‘ही केस बैठकीत मांडली का?’ असं विचारायला बिचकू नये. सुईची बायोप्सी आणि औषधं निवडायला लागणारे ईआर, पीआर, हर-टू हे तीन अहवाल हातात आल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख घेण्याची घाई करू नये. या तपासण्यांत जाणाऱ्या थोड्या दिवसांनी सहसा नुकसान होत नाही. गाठ आधीच काढलेली असेल तर प्रयोगशाळेतून गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्याव्यात. तो ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो, आणि दुसरा पॅथॉलॉजिस्ट त्यावर तपासणी पुन्हा करू शकतो.