मागच्या ओळीतला ड्रम

आषाढी एकादशीला लग्नसराई थांबली की आमच्या शाळेचा बँड सुरू होतो. यात योगायोग काही नाही. आमच्या पोरांना शिकवणारे उस्ताद लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत त्यांच्याकडे वराती तुरळकच असतात. चातुर्मास म्हणजे त्यांच्या धंद्यातली मंदी, आणि शाळेला माणूस हवा असतो तो नेमका तेव्हाच. मे महिन्यात त्यांना गाठायचं तर बीड बायपासच्या एखाद्या मंगल कार्यालयाबाहेर नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत थांबायची तयारी हवी.

मराठवाड्यातल्या शाळांना उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा एक झेंडावंदन जास्तीचं. १५ ऑगस्ट १९४७ला आपण निजामाच्या राज्यात होतो; हैदराबाद संस्थान भारतात आलं ते १७ सप्टेंबर १९४८ला. त्यामुळे स्वातंत्र्यदिनानंतर तेहतीस दिवसांनी इथे मुक्तिसंग्राम दिन असतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरचा मुख्य कार्यक्रम सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी होतो आणि शाळाशाळांतून पुन्हा एकदा इस्त्रीचे गणवेश, पांढरे बूट, बँड. पुण्याकडच्या शाळेला पंधरा ऑगस्ट संपला की वाद्यं कपाटात ठेवता येतात. आमची पोरं तेव्हा कुठे हाताशी यायला लागलेली असतात.

२०२३ साली श्रावण अधिक आला. चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. मुक्तिसंग्रामाला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती, म्हणून शाळेनेही हौसेने तालमी वाढवल्या. उस्ताद रोज यायचे, बहुतेकदा वेळेआधीच, आणि गेटपाशी चहा घेत बसायचे. इतका चांगला बँड आमच्या शाळेने त्याआधी वाजवला नव्हता, असं सगळे म्हणाले. उस्तादांच्या घरी मुहूर्तांचे पैसे पाच महिने आले नव्हते, हे फार थोड्यांना माहीत होतं.

माझा या सगळ्यात शिरकाव कसा झाला? मी गणित शिकवते. क्रीडाशिक्षकांना जोडीला कुणीतरी हवं होतं आणि माझ्या वेळापत्रकात शेवटचा तास रिकामा होता, एवढीच माझी पात्रता. हजेरी घेणं, ड्रमचे पट्टे कमी-जास्त करणं, ब्रासोची बाटली जपून वापरायला लावणं, रडणाऱ्याला पाणी देणं ही माझी कामं. वाजवता मला अजूनही येत नाही. पण चार महिने रोज तासभर मैदानाच्या कडेला उभं राहिलं की कान तयार होतो, आणि बँड कुठून चालतो ते दिसायला लागतं.

बँड सहावी ते आठवीचा. नववीत क्लास लागतात, दहावीत बोर्ड. त्यामुळे दर जूनमध्ये सगळ्यात पक्के वाजवणारे निघून गेलेले असतात आणि पाचवीतून वर आलेली पोरं, ज्यांना काठीही नीट धरता येत नाही, रांगेत येऊन उभी राहतात. क्रिकेटच्या संघात एखादा नवखा लपून जातो. बँडमध्ये एकाचा पाय चुकला की गच्चीवरून बघणाऱ्या शिपाईमामांनाही कळतं.

पहिले पंधरा दिवस वाद्याला हात नाही. नुसते पाय. कदमताल, मग पुढे चल, मग थांब. तेज चालीचा लष्करी हिशेब मिनिटाला १२० पावलांचा, पाऊल ३० इंचांचं. सहावीतल्या पोराला तीस इंच टाकायला लावलं तर ते चालत नाही, उड्या मारतं. म्हणून उस्ताद पावलाची लांबी सोडून देतात, गती मात्र सोडत नाहीत. सेकंदाला दोन पावलं. एकदा डावा, एकदा उजवा. मी एकदा मोबाइलवर मेट्रोनोम लावून दिला. त्यांनी तो ऐकला, मान डोलावली आणि म्हणाले, "अच्छा है मॅडम, पर ये मैदान में सुनने को नई आता." खरंच होतं. दहा पावलांवर त्याचा आवाज बुटांखाली गेला.

काठ्या हातात आल्या तरी ड्रम मिळत नाही. जुन्या टायरच्या तुकड्यांवर सराव. दोन डाव्या, दोन उजव्या, दोन डाव्या, दोन उजव्या. ऐकायला हे सोपं वाटतं. खुबी अशी की दोनांपैकी दुसरा ठोका मारायचा नसतोच. पहिल्या ठोक्यानंतर काठी आपोआप उसळते, ती बोटांनी फक्त पडू द्यायची. पोरं घट्ट धरतात. घट्ट धरलेली काठी उसळत नाही, मग तो दुसरा ठोका मनगटाने मारावा लागतो आणि हात दुखून येतो. उस्ताद एकेकाच्या मागे जाऊन त्याची करंगळी आणि अनामिका काठीवरून हळूच सोडवतात. एका दुपारी, ही गोष्ट सांगून सांगून थकल्यावर, सातवीतल्या एका मुलाचा हात सुटला. टायरच्या तुकड्यावर एकाएकी सलग, न तुटणारी थरथर सुरू झाली. तो इतका दचकला की थांबलाच. नंतर पुढचा आठवडाभर तो बाकावर, डब्यावर, माझ्या तासाला कंपासपेटीवर तेच करत होता आणि मी त्याला बाहेर काढलं नाही, हे मुख्याध्यापकांना सांगायची गरज नाही.

या थरथरीचं, म्हणजे रोलचं, एक सरकारी काम आहे. बँडसोबत राष्ट्रगीत व्हायचं असेल तर आधी ड्रमचा रोल द्यावा, म्हणजे राष्ट्रगीत सुरू होणार हे लोकांना कळतं, असं गृहमंत्रालयाच्या राष्ट्रगीतविषयक आदेशात आहे. रोल कसा, तेही तिथे लिहिलंय: मंद चालीच्या सात पावलांएवढा, हळू सुरू करून जमेल तेवढा मोठा करायचा, मग पुन्हा उतरवत आणायचा, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू आला पाहिजे. त्यानंतर एक ठोका शांतता आणि मग राष्ट्रगीत. बाराव्या वर्षी जोरात वाजवणं सगळ्यांना जमतं. जोर उतरवणं कुणाला जमत नाही. चढत्या चार पावलांत पोरं इतकी रंगतात की उतरणीला काठ्या आपटत खाली येतात. आणि तो एक रिकामा ठोका! आठ ड्रमवाल्यांपैकी एकाने तरी तो खाल्ला नाही असं पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवसापर्यंत होत नाही. "एकसाथ राष्ट्रगीत शुरू कर" हा पुकारा आणि रोल यांतही भांडण असतं. आमच्याकडे आधी पुकारा, मग रोल, असा तोडगा काढलाय.

राष्ट्रगीत मात्र मुलं गातात, वाजवत नाहीत. कारण आमच्याकडे बिगुल आहेत. बिगुलाला ना भोकं ना चाव्या. पितळेची एक वळवलेली नळी, बाकी सगळं ओठ आणि श्वास. त्यातून साधारण पाचच स्वर वाजवतात: सा, प, वरचा सा, वरचा ग, वरचा प. रे नाही, म नाही, मग 'जन गण मन' निघणार कुठून? इशाऱ्यांच्या धुना आणि चालीवरचे तुकडे, एवढंच. १९ फेब्रुवारी २०२३पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं, त्यालाही बिगुल गप्पच. फक्त ड्रमचा ठेका धरतात आणि पोरांना तोच सगळ्यात आवडतो.

बिगुल फुंकायचा नसतो, हे पटायला दहा दिवस जातात. गाल फुगवून फुंकलं की नुसती हवा जाते. ओठ मिटून, ते आतल्या आत फुरफुरवत हवा सोडायची. उस्ताद सांगतात, जिभेच्या टोकावरचं तिळाचं टरफल थुंकायचं तसं. गंमत म्हणजे बहुतेकांचा पहिला स्वर सा नसतोच, प लागतो. खालच्या सासाठी ओठ सैल सोडावे लागतात आणि नवशिक्याचे ओठ भीतीने आवळलेलेच. वरच्या गपर्यंत पोहोचायला महिना लागतो, काहींना तो स्वर कधीच लागत नाही; त्यांना झांज मिळते. झांजवाल्याला कमी लेखायची पोरांत पद्धत आहे. वास्तविक उशिरा पडलेली झांज लपवायला जागाच नसते.

बिगुलात वाफेचं पाणी साठतं. ट्रम्पेटला ते काढायची छोटी चावी असते, आमच्या बिगुलाला नाही. दर दोन धुनांनंतर सगळे बिगुलवाले एकदम वाद्य उलटं करून झटकतात आणि पहिल्या रांगेतले पाहुणे पाय मागे घेतात. श्वासाने पितळ तापलं की स्वर थोडा चढतो, म्हणून कार्यक्रमाच्या आधी शाळेच्या मागच्या भिंतीशी उभं राहून सगळ्यांनी ते गरम करून यायचं. भिंतीपलीकडच्या घरातल्या काकूंनी एकदा विचारलं होतं, "रोजच झेंडावंदन असतं का तुमच्याकडे?"

ही वाद्यं येतात मेरठहून. तिथल्या जली कोठी भागात देशभरच्या बँडवाल्यांची पितळी वाद्यं घडतात. लष्कराचे, पोलिसांचे, लग्नाचे आणि शाळेचे बँड त्या अर्थाने एकाच गल्लीचे भाऊबंद. लाल कोट, सोनेरी झालर, खांद्यावरची फीत, हे लग्नाच्या बँडने लष्कराकडून उचललं आणि शाळेने दोघांकडून. आमच्या गणवेशाची झालर तर उस्तादांच्याच शिंप्याने लावली आहे.

आता मुख्य मुद्दा. बँडच्या पुढे काठी घेऊन चालणारा मुलगा असतो. उंच, गोरागोमटा, काठी फिरवतो, वर उडवून झेलतो, फोटो त्याचेच. पालकांना वाटतं, बँड तो चालवतो. मीही तसंच समजत होते. बँड चालवतो तो मागच्या ओळीतला मोठा ड्रम. त्याचा ठोका डाव्या पायावर पडतो आणि सगळ्यांचे डावे पाय त्याच्यावर. पुढच्या काठीवाल्याचेही. तो पाठीमागून ऐकत चालतो. काठी नुसती सांगते की कधी वळायचं आणि कधी थांबायचं.

मोठ्या ड्रमसाठी दरवर्षी दांडगट पोरं पुढे येतात. उस्ताद त्यांना घेत नाहीत. त्यांची परीक्षा वेगळीच असते. मुलाला जागेवर कदमताल करायला लावायचं आणि शेजारी चारजणांनी मुद्दाम घाईने टाळ्या वाजवायच्या. ज्याचे पाय टाळ्यांमागे पळत नाहीत, तो ड्रमवाला. गेल्या खेपेला ही परीक्षा आठवीतल्या एका मुलीने पास केली. वर्गात ती सगळ्यात सावकाश बोलते. गणित सोडवायलाही वेळ लावते, पण चुकत नाही. प्रेक्षक दिसले की सहावीची पोरं हमखास धावतात. तेव्हा ती ठोका जास्त जोरात देत नाही, उलट थोडा हलका करते. ऐकू यावा म्हणून बाकीच्यांना आपला आवाज कमी करावा लागतो आणि गती आपोआप जागेवर येते. हे तिला उस्तादांनी शिकवलेलं नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ये किसने बताया इसको?"

मोठ्या मैदानावर आणखी एक अडचण येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शाळेच्या मैदानात हे कुणाला जाणवत नाही. पण २६ जानेवारीच्या संचलनाला देवगिरी मैदानावर बँडच्या मागे शाळेची तुकडी पन्नास मीटर लांब गेली, की शेवटच्या मुलाला ठोका सेकंदाच्या सातव्या हिश्शाएवढा उशिरा पोहोचतो. पाऊल अर्ध्या सेकंदाचं, त्यात एवढा उशीर म्हणजे पाय स्पष्ट मागे पडलेला दिसतो. म्हणून मागच्यांनी ऐकायचं नाही, समोरच्याच्या टाचेकडे बघायचं. बँडमध्ये ऐका, तुकडीत बघा. ही गोष्ट मला फळ्यावर गणित मांडून सांगता आली, आणि त्या तासाला मागचा बाकही जागा होता.

वळण हे सगळ्यात कठीण. तिघांच्या रांगेने डावीकडे वळताना आतला जवळजवळ जागेवर कदमताल करतो, बाहेरचा लांब ढांगा टाकतो, मधला दोघांकडे बघत रडकुंडीला येतो. वाजवायचं थांबायचं नाही. आमच्या मैदानात मुरूम टाकलेला. श्रावणात त्यावर शेवाळ धरतं. बाहेरचा मुलगा घसरला तर त्याने पडावं, पण ड्रम वर धरावा, असा अलिखित नियम पोरांनीच केला आहे.

२०२४ला अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरलाच आली. सकाळी मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन, त्यानंतर राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून मिरवणूक. आमचे निम्मे ड्रमवाले गल्लीच्या ढोल पथकातही होते. आदल्या आठवडाभर ते रात्री ढोल वाजवून सकाळी तालमीला येत आणि सगळा घोटाळा करत. ढोलात चढायचं असतं. सुरुवात संथ, मग लय वाढत वाढत अंगात येईपर्यंत. शाळेचा बँड चढला तर मागची अख्खी शाळा पळायला लागते. मला स्वतःला ढोल जास्त आवडतो, हे सांगून टाकते. पण त्या सकाळी मागच्या ओळीत ती मुलगी होती आणि सगळ्या पथकवाल्यांचे हात, कितीही शिवशिवले तरी, तिच्या एका ठोक्याला बांधलेले होते.

तुळशीचं लग्न झालं की उस्ताद दुर्मीळ होतात. सव्वीस जानेवारीची तयारी पोरांनीच करायची; उस्ताद रात्री उशिरा व्हॉट्सअॅपवर ठेका वाजवून पाठवतात, मागे कुणाची तरी वरात ऐकू येत असते. केंद्राच्या शालेय बँड स्पर्धेत उतरावं, असंही एकदा निघालं. तिथे चार गट: मुलांचा ब्रास, मुलींचा ब्रास, मुलांचा पाइप, मुलींचा पाइप. आमचा बँड मुलामुलींचा मिळून, ब्रास म्हणावा तर फक्त बिगुल, पाइप तर एकही नाही. विषय तिथेच संपला.

ती मुलगी आता नववीत जाणार. फेब्रुवारीत, दोन लग्नांच्या मधल्या तासाभरात, उस्ताद लाल कोटातच शाळेत येऊन टाळ्यांची परीक्षा घेऊन गेले. निवडला तो सहावीतला एक मुलगा. ड्रम गळ्यात घातला तर त्याच्या गुडघ्याला लागतो आणि पलीकडचं त्याला दिसत नाही. पट्ट्याला वरच्या बाजूला तीन भोकं वाढवायला मी तो पैठण गेटजवळच्या चांभाराकडे दिला आहे. बघायचं काम समोरच्याचं, असं त्या मुलाने मला स्वतःहून सांगितलं.