जुन्या मापनयंत्रांचा जीर्णोद्धार

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भिवंडी तालुक्यांत, पडघा हें गांव लागतें. गांवाच्या परिसरांत विजेचें एक मोठें केंद्र आहे. चंद्रपूरकडून निघालेली ७५२ किलोमीटर लांबीची एक वाहिनी येथें येऊन थांबते. विसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या या वाहिनींतून एकदिश प्रवाह वाहतो. तिचा दाब एका बाजूस अधिक ५०० व दुसऱ्या बाजूस उणें ५०० किलोव्होल्ट, आणि क्षमता १५०० मेगावॉट आहे. घरांतील दिव्यांना व पंख्यांना पुरविला जाणारा प्रवाह मात्र उलटसुलट असतो. म्हणून चंद्रपुरास उलटसुलट प्रवाह एकदिश करावयाचा, आणि पडघ्यास तो पुन्हां उलटसुलट करावयाचा, असें हें दुहेरी रूपांतर आहे.

चंद्रपुरास जें अवाढव्य प्रमाणावर घडतें, तेंच एका लहानशा पेटींतहि घडत असतें. व्हॉल्व्हवर चालणारा एखादा जुना व्होल्टमापक घ्यावा. भिंतींतून आलेला उलटसुलट प्रवाह त्याच्या पोटांत प्रथम एकदिश होतो. मग कंडेन्सर त्यांतील चढउतार मोडून तो संथ करतात, आणि या संथ प्रवाहावर मोजणीचें सारें काम चालतें. फरक असा कीं, एकदिश वाहिनीच्या केंद्रांत थायरिस्टरांच्या प्रत्येक साखळींत गरजेहून थोडे अधिक थायरिस्टर मुद्दाम ठेवलेले असतात. एखादा निकामी झाला तरी काम अडत नाहीं. ठरलेल्या बंदच्या वेळीं तो बदलतां येतो. लहान पेटींत असा राखीव गडी नसतो. तेथें एक भाग थकला कीं त्याचा भार शेजाऱ्यावर पडतो.

१९२३ सालीं इंग्लंडांत निघालेला अ‍ॅव्होमीटर, १९३९ चा ह्यूलेट-पॅकार्ड यांचा लहरीजनक, १९४७ चा टेक्ट्रॉनिक्सचा ऑसिलोस्कोप यांच्या पिढीचीं यंत्रें पुन्हां चालतीं करण्याची हौस स्तुत्य आहे. परंतु मापनयंत्र आणि रेडिओ यांत एक मोठा भेद आहे. रेडिओचा भाग जीर्ण झाला तर खरखर ऐकूं येते. घरांतील लहान मूलहि तो बिघडल्याचें सांगेल. मापनयंत्र जीर्ण झालें तरी त्याचा कांटा पूर्वीच्याच डौलानें फिरतो. तें बंद पडत नाहीं. तें खोटें बोलूं लागतें.

हें कसें घडतें तें पाहावें. मोठा दाब मोजण्यापूर्वीं त्याचा दहावा भाग काढण्यासाठीं ९० लाख व १० लाख ओहमचे दोन रोधक जोडलेले असतात. जुने कार्बनचे रोधक उष्णतेनें व दमटपणानें बहुधा वाढत जातात. समजा, ९० लाखांचा रोधक १०८ लाखांवर गेला, तर दहाव्या भागाऐवजीं ११.८ वा भाग हातीं येतो. १०० व्होल्टच्या जागीं कांटा सुमारें ८५ दाखवितो. घरांतील २३० व्होल्ट १९५ भासतात. अशा आंकड्यावर विसंबून जो तारेस हात लावील, त्याच्या जिवाशीं गांठ आहे.

मग बदलावें काय? पहिला मान विद्युद्विश्लेषक कंडेन्सरांचा. यांत अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यास लागून एक द्रव असतो. द्रव सुकला कीं प्रवाह संथ करण्याची शक्ति जाते. यंत्र वर्षानुवर्षें पडून राहिलें तर थरहि दुबळा होतो. साधारणतः दर १० अंश सेल्सियस उष्णतामान वाढलें कीं यांचें आयुष्य निम्मे होतें. जागा भरतांना दाबाची मर्यादा जुन्याहून कमी नसावी. धारणशक्ति मात्र अवाच्या सवा वाढवूं नये. ८ मायक्रोफॅरडच्या ठिकाणीं १० चालेल; १०० घातल्यास यंत्र सुरू होतांना येणाऱ्या लोंढ्यानें एकदिश करणारा व्हॉल्व्हच बळी जातो.

दुसरा मान मेणकागदी कंडेन्सरांचा. कागद ओल शोषतो, आणि कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत ओलीस तोटा नाहीं. दोन व्हॉल्व्हांमधील असा कंडेन्सर पाझरूं लागला कीं पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो दाब पोंचतो. प्रवाह वाढतो, आणि अखेर ट्रान्सफॉर्मर जळतो. चार आण्यांच्या वस्तूनें न मिळणारी वस्तु गमवावी, असा हा व्यवहार आहे. तिसरा सेलेनियमच्या पट्ट्यांचा. त्या जळाल्या तर दुर्गंधी व विषारी धूर निघतो. त्यांच्या जागीं सिलिकॉन डायोड बसतो, पण त्यांत दाब कमी खर्च होत असल्यानें पुढें तो वाढतो. म्हणून योग्य रोधक जोडीस द्यावा लागतो.

हे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, शोधतां येतात. परंतु नवे मिळतात म्हणून सर्वच बदलणें हा जीर्णोद्धार नव्हे. अभ्रकाचे कंडेन्सर व तारेचे अचूक रोधक बहुधा शाबूत असतात. कारखान्यांत ठरवून ठेवलेले जुळवणीचे स्क्रू उगाच फिरविणें म्हणजे देवळाची डागडुजी करतांना मूर्तीलाच छिन्नी लावणें होय. एका वेळीं एकच भाग बदलावा व लगेच तपासावें. दहा एकदम बदलल्यास नव्यानें केलेली चूक कोणती तें कळत नाहीं. काढलेला भाग पाकिटांत घालून त्याची मूळ जागा व मोजलेली किंमत वर लिहून ठेवावी.

बऱ्याच वर्षांनीं प्रथम वीज देतांना वाटेंत ६० वा १०० वॉटचा तापतारेचा दिवा जोडावा. तो झगझगीत पेटून तसाच राहिला तर आंत कोठें तरी तारा भिडल्या आहेत असें समजावें. वीज काढल्यानंतरहि कंडेन्सरांत भार उरतो. ऑसिलोस्कोपच्या नळीजवळ तर हजारों व्होल्ट असतात. हा भार रोधकामार्फत उतरवून, तो उतरल्याची खात्री दुसऱ्या विश्वासू यंत्रानें केल्यावांचून आंत बोट घालूं नये.

शेवटचें काम तपासणीचें. ज्याचें मूल्य निश्चित ठाऊक आहे अशा दाबाशीं यंत्र ताडून पाहावें, आणि चूक किती उरली तें चिठ्ठीवर लिहून पेटीला चिकटवावें. पेटीचा रंग उडालेला असला, बटण खरचटलेलें असलें तरी चालेल. कांटा जें सांगेल त्यावर कोणी तरी हात पुढें करणार आहे, एवढें दुरुस्ती करणाऱ्यानें विसरूं नये.