डोमेन नावे आणि देवनागरी लेखनाचा प्रश्न

आंतरजालावरील संगणकांचे पत्ते अंकांत असतात. ते माणसाच्या ध्यानात राहणे कठीण, म्हणून त्यांच्याऐवजी वापरावयाचे अक्षरी नाव म्हणजे डोमेन नाव होय. ही नामव्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखली. तीत एका नावाचा धारक एकच असतो. नाव कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक वर्षांच्या मुदतीने नोंदले जाते आणि सामान्यतः जो प्रथम मागेल त्यास मिळते. दुसऱ्याच्या लौकिकावर डोळा ठेवून नाव अडवण्याचे प्रकार या नियमातूनच उद्भवले. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये डोमेन नावासही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असा निर्णय दिला. भारतीय लिप्यांतील नावांमुळे मात्र याहून निराळे प्रश्न उपस्थित होतात आणि ते भाषाभ्यासाच्या कक्षेत येतात.

प्रारंभी या नावांत केवळ रोमन अक्षरे, अंक व संयोगरेषा यांनाच स्थान होते. २००३ मध्ये निश्चित झालेल्या प्युनिकोड पद्धतीमुळे इतर लिप्यांचा मार्ग मोकळा झाला; तथापि मूळ व्यवस्था बदलली नाही. वाचकास ‘भारत’ हा शब्द दिसतो, परंतु व्यवस्थेत साठवली जाते ती रोमन अक्षरे व अंक यांची एक मालिका. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘.भारत’ हे देवनागरी नामक्षेत्र खुले झाले. ते हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि सिंधी या आठ भाषांसाठी होते.

पहिला प्रश्न येथेच उद्भवतो. भाषा आठ असल्या तरी नामक्षेत्र एकच आहे. ‘शिक्षा’ या शब्दाचा अर्थ हिंदीत शिक्षण असा आहे, तर मराठीत दंड असा. ‘संसार’ म्हणजे हिंदीत जग, मराठीत मुख्यत्वे घरप्रपंच. हिंदी आणि मराठी कोशांत हे शब्द आपापल्या अर्थाने सुखाने नांदतात. ‘.भारत’मध्ये मात्र असे प्रत्येक नाव एकदाच नोंदता येते आणि एका भाषेच्या धारकाने ते घेतले की उरलेल्या सात भाषांना ते बंद होते. नोंदणीव्यवस्थेला अक्षरांचा क्रम कळतो. शब्द कोणत्या भाषेचा, हे तिला कळत नाही.

दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. मराठीत ‘दऱ्या’ हे दरीचे अनेकवचन आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. अर्धा र पुढील अक्षराच्या माथ्यावर रफार होऊन बसतो की त्याच्या डाव्या अंगाला आडवा चिकटतो, एवढ्यावर हा अर्थभेद अवलंबून आहे. हे आडवे रूप युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येते. पहिल्या रीतीत ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडतात. दुसऱ्या रीतीत साध्या ‘र’ला हलन्त जोडून पुढे एक अदृश्य सांधक चिन्ह घालतात. वाचकाच्या दृष्टीने दोन्ही एकरूप, संगणकाच्या लेखी मात्र भिन्न. २००३ च्या नियमांनुसार ते अदृश्य चिन्ह गाळले जाई. परिणामी दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा नोंदणीत ‘दर्या’ होई. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांनी त्या चिन्हास विशिष्ट स्थानी मान्यता दिली. त्यामुळे अर्थहानी टळली. पण डोळ्यांना सर्वस्वी सारखी दिसणारी दोन नावे दोन धारकांकडे जाण्याची शक्यता निर्माण झाली. फसवणुकीस एवढी फट पुरेशी असते. म्हणून ‘.भारत’सारख्या सर्वोच्च स्तरावरील नव्या नावांसाठी आयकॅन या संस्थेने केलेल्या देवनागरी नियमावलीत सांधक चिन्ह वगळले आहे आणि ‘ऱ’ राखला आहे.

हा ‘ऱ’ प्रमाण हिंदीच्या वर्णमालेत नाही. देवनागरीचे नियम केवळ हिंदीच्या गरजा पाहून केले असते, तर तो वगळला जाण्याचा संभव होता, आणि मग दऱ्या-दर्यासारखी मराठी शब्दांची जोडी या व्यवस्थेत वेगळी ठेवता आली नसती. लेखनभेदांचा विचार आजवर कोशकार, पाठसंपादक व मुद्रितशोधक करीत आले. नामनोंदणीमुळे त्याच भेदांना हक्काचे व व्यवहाराचे महत्त्व प्राप्त झाले आहे. कोणती रूपे समान मानावीत आणि कोणती भिन्न, हे ठरवताना तंत्रज्ञाला प्रत्येक भाषेच्या जाणकाराची साथ लागते, कारण एका भाषेत अनावश्यक ठरणारे चिन्ह तीच लिपी वापरणाऱ्या दुसऱ्या भाषेत अर्थाचा आधार असू शकते.