अर्जातला एक रकाना

सोलापुरात कॉलेजात असताना संध्याकाळी मी एका झेरॉक्सच्या दुकानात बसून लोकांचे नोकरीचे अर्ज भरून देत असे. तलाठी, पोलीस शिपाई, आरोग्यसेवक. समांतर आरक्षणाच्या भागात माजी सैनिक, खेळाडू, प्रकल्पग्रस्त यांच्या शेजारी एक शब्द असायचा : भूकंपग्रस्त. बहुतेक जण तिथे ‘नाही’ लिहायला सांगत. उमरगा, लोहारा, औसा या बाजूची मुलं मात्र पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढत आणि ‘सर्टिफिकेट हाय’ एवढंच म्हणत. घरातलं कोण गेलं, किती गेले, हे मी कधी विचारलं नाही. तो रकाना मात्र डोक्यातून गेला नाही. भूकंपाबद्दल मी वाचत आले ते त्या रकान्यापायी.

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपाची, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट नव्याने सांगायला नको. गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावं, ३ वाजून ५६ मिनिटं, दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं माळवद. जवळपास आठ हजार माणसं गेली. ५२ गावं पूर्ण नव्या जागी वसवावी लागली. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीच्या परिसरात धक्के बसले होते, तेव्हा लोक बाहेर झोपलेही होते. पण माणूस किती महिने अंगणात झोपेल?

घरांच्या पुनर्वसनावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला शोधायचं होतं ते त्या पहाटे पाचवी-सातवीत असलेल्या मुलांचं पुढे काय झालं ते.

बीड जिल्ह्यात जन्मलेले, पुण्यात बांधकाम व्यवसायात जम बसवून तो सोडून दिलेले शांतिलाल मुथ्था तेव्हा भारतीय जैन संघटनेचं काम करत होते. संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं पुण्याला आणली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. त्यातून वाघोलीचं शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. त्याच आवारात पुढे कला, विज्ञान, वाणिज्य महाविद्यालय झालं. मेळघाटातली आदिवासी मुलं आणि नंतर आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलंही तिथे आली. बाराशे मुलं! त्यांची कोठी, त्यांचे कपडे, त्यांचा ताप, रात्री दचकून उठणं. एवढा भार एका संघटनेने उचलला, याचं मोल मोठं आहे.

त्याच सुमारास अगदी उलट दिशेनेही माणसं निघाली. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीतली मंडळी लोहारा तालुक्यातल्या हराळीला गेली आणि तिथेच शाळा काढली. प्रबोधिनीतले ज्येष्ठ अध्यापक वि. शं. तथा अण्णा ताम्हनकर निवृत्तीच्या वयात हराळीच्या माळावर राहायला गेले. या माणसाबद्दल मला विलक्षण ओढ वाटते. पुण्यात सदाशिव पेठेतली निवडक, हुशार मुलं शिकवण्यात हयात गेलेली, आणि आता पुढ्यात खडकाळ रान आणि ज्यांच्या गावाचा ढिगारा झालाय अशी पोरं. प्रबोधिनीची स्थापना १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी केली आणि ते मानसशास्त्राचे अभ्यासक होते. तरीही या संस्थेने हराळीत मुळं धरली ती शाळेच्या रूपाने, शेतीशिक्षणाच्या रूपाने. मला यात योगायोग दिसत नाही. ज्या मुलाच्या अंगावर छत कोसळलं त्याला ‘मन मोकळं कर’ म्हणून ते होत नाही. सकाळी घंटा होते, वाफ्याला पाणी द्यायचं असतं, उद्या गणिताची चाचणी असते, आणि कधी तरी महिन्यांनी, पाणी देता देता, तो आपणहून बोलतो. नळदुर्गला समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने अनाथ झालेल्या मुलांसाठी जे उभं राहिलं त्याचं नाव ‘आपलं घर’. नावातच सगळं आलं.

मुलाला तीनशे किलोमीटर दूर न्यायचं की ढिगाऱ्याशेजारीच शिकवायचं? हा वाद मी स्वतःशी बरीच वर्षं घालते आहे. दूर नेण्याच्या बाजूने बोलणं सोपं आहे : शहर, चांगलं कॉलेज, रोज डोळ्यांपुढे ती पांढरी माती नाही. पण दिवाळीची सुट्टी लागली की काय? भूकंपानंतर दीड महिन्यात दिवाळी आली होती. हराळी-नळदुर्गच्या मुलाला एखादी आत्या, एखादा चुलता जवळ होता. घर नसलं तरी पत्र्याच्या शेडमध्ये कुणी तरी ‘आलास का रे’ म्हणणारं होतं. दुःख गावासोबत सोसलं तर त्याचे वाटेकरी असतात. वाघोलीने ज्यांना मागे कुणीच नव्हतं त्यांना आधार दिला, हे खरं. तरी मला निवड करायची वेळ आली तर मी माळावरच्या शाळेच्या बाजूने उभी राहीन.

कॉलेजचं गणित मात्र शाळेपेक्षा कठीण असतं. याच लातूर जिल्ह्यात, राजर्षी शाहू महाविद्यालयात, प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात ‘लातूर पॅटर्न’ आकाराला आला होता. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकत होती. त्या कॉलेजात शिकायचं तर लातुरात खोली घ्यावी लागते, मेस लावावी लागते, आणि दरमहा पैसे पाठवणारं कुणी तरी मागे असावं लागतं. फॉर्मवर पालकाची सही लागते. बुद्धी असून दार बंद राहतं ते या दोन गोष्टींपायी. वसतिगृहं, संस्था, ओळखीपाळखीच्या मास्तरांची घरं यांनी या दोन जागा भरून काढल्या.

मनाच्या आजाराकडे वैद्यकानेही पाहिलं होतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकार यांच्या भूकंपोत्तर आरोग्याच्या, विशेषतः मानसिक आरोग्याच्या, अभ्यासप्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. मोहन आगाशे. ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस म्हणून आपण त्यांना ओळखतो, त्या काळात ते पुण्यातल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेच्या उभारणीत होते. किल्लारीच्या निमित्ताने सरकारने आपत्तीनंतरच्या मनाची नोंद घेतली, हे मोठंच पाऊल. पण अभ्यासप्रकल्पाला मुदत असते. शाळेच्या घंटेला ती नसते.

आणि तो रकाना. भूकंपग्रस्तांना सरकारी नोकरभरतीत २ टक्के समांतर आरक्षण आहे, वयाची अटही शिथिल होऊन ४५ पर्यंत जाते. पदवी घेतलेल्या कितीतरी मुलांना कॉलेजनंतरची पहिली पायरी या कागदाने मिळवून दिली. अट एकच : कुटुंबातून नामनिर्देशन एका व्यक्तीचं. म्हणजे घर पडलं सगळ्यांचं, कागद एकाचा.

दुकानात एकदा लोहाऱ्याकडचे भाऊबहीण आले होते. दोघांचं बीए झालेलं, दोघांना तलाठ्याचा अर्ज भरायचा होता. कागद भावाच्या नावाचा होता. त्याचा अर्ज आधी भरला, रकान्यात ‘होय’, पुढे प्रमाणपत्राचा क्रमांक. मग तिचा घेतला. त्या ओळीवर येऊन मी पेन थांबवलं आणि तिच्याकडे पाहिलं.

“नाही लिवा ताई,” ती म्हणाली. “आमचं ठरलंय घरी.”