मदरबोर्ड नवा, पण डिस्क कुठे गेली?

मदरबोर्ड बदलल्यावर डिस्क दिसली नाही, की बहुतेकांना डेटा गेल्याची धडकी भरते. डेटा सहसा जागेवरच असतो.

आधी बायोस उघडावं. तिथेही डिस्क नसेल तर केबल आणि पोर्ट तपासावेत. बी४५० चिपसेटच्या काही बोर्डांवर एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. हे मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं, पण मॅन्युअल वाचतो कोण!

बायोसमध्ये डिस्क दिसते, पण विंडोज सुरू होत नाही? मग साटा मोड पाहावा. जुन्या बोर्डावर रेड आणि नव्यावर एएचसीआय असेल, तर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' लिहिलेला निळा पडदा येऊ शकतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासून बायोसमधली व्हीएमडी ही सेटिंग चालू असल्यास विंडोजच्या इन्स्टॉलरला एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही. ड्रायव्हर द्यावा लागतो किंवा व्हीएमडी बंद करावं लागतं.

जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची आणि बोर्ड फक्त यूईएफआयवाला असेल, तर विंडोज १० मध्ये २०१७ साली आलेलं एमबीआर२जीपीटी हे साधन कामी येतं. मात्र त्याआधी बॅकअप हवाच.

विंडोजचं बिटलॉकर हे डिस्क एन्क्रिप्शन चालू असेल, तर बोर्ड बदलण्यापूर्वीच ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. बोर्डाबरोबर टीपीएम ही सुरक्षा चिप बदलली, तर विंडोज ही रिकव्हरी की मागतं.